कुंड्यांखालची पानं

१

थोरले माळी गेले ते संत्र्याच्या झाडाखाली, खाटेवर, अंगावर दोन घोंगड्या घेऊन. चेहरा गुलाबी झालेला. उन्हातान्हाने रापलेल्या त्या चेहऱ्यावर असा रंग जिवंतपणी कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे काचघराचं दार उघडून आत आलेल्या चित्रकारणीला आधी वाटलं, म्हातारा आज बरा दिसतोय.

मग तिला वास आला. कोळशाच्या धुराचा, शिळा, घशात बसणारा. काचा आतून काळवंडल्या होत्या. संत्र्याच्या झाडांनी निम्मी पानं टाकली होती आणि फरशीवर त्यांचा सडा पडला होता. तिने म्हाताऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

राजवाड्याच्या बागेत चित्रकारीण कशाला, असं कुणी विचारेल. दूरच्या डोंगरांतून आणलेलं रोप इथे जगेल की मरेल याचा नेम नसतो. म्हणून ते आलं की आधी त्याचं चित्र काढून ठेवायचं, पानाच्या शिरेपासून मुळाच्या केसापर्यंत, अशी इथली जुनी रीत. अठरा वर्षं ती हेच करत होती. तीन आठवड्यांपूर्वी राजेसाहेब मागच्या दाराने पसार झाले. वाड्यात नव्या राजवटीचे शिपाई आले, आणि शहराबाहेर राजेसाहेबांच्याच फौजेने वेढा घातला. हिचं आपलं चालूच, पान, शीर, देठ. लोक हसायचे. पण तिच्या हाताला दुसरं काम येत नव्हतं.

तोफेचा गोळा पडून घराचं छप्पर गेल्यापासून थोरले माळी काचघरातच झोपत. त्या थंडीत अख्ख्या बागेत खरी ऊब होती ती तिथेच. भट्टी बाहेर होती. तिचा धूर काचघराच्या फरशीखालच्या विटांच्या नळातून फिरत मागच्या धुराड्याने वर जायचा आणि जाता जाता फरशी तापवायचा. धुराड्याला एक लोखंडी झडप होती. ती सकाळी घट्ट बंद सापडली. धुराला वरची वाट बंद झाली, म्हणून तो फरशीच्या फटींतून आत शिरला आणि सगळी रात्र तिथेच कोंडून राहिला.

भट्टी सांभाळायचं काम चित्रकारणीच्या भावाचं. सव्वीस वर्षांचा बाप्या, पण बागेत सगळे त्याला धाकटाच म्हणत. दिवस वर यायच्या आत शिपायांनी त्याला दंडाला धरून अवजारांच्या खोलीत कोंडलं होतं.

२

शिपायांचा कप्तान पूर्वी कुठेतरी जमीन मोजणारा होता म्हणे. बोलायचाही मोजूनच.

"काल संध्याकाळी म्हाताऱ्याने मला निरोप धाडला होता," तो म्हणाला. "उद्या सकाळी भेटतो, एक गोष्ट तुमच्यापासून लपवलीय, ती सांगायचीय. इकडे पंधरा दिवस कोळसा कमी होतोय. आणि झडप कुणाच्या हातातली, ते तुम्हीच सांगा."

"त्याने केलं नाही, साहेब."

"सगळ्यांच्या बहिणी हेच म्हणतात." त्याचा आवाज मात्र थकलेला होता. "मावळतीला भिंतीपुढे उभा करणार आहे. मला हौस नाही, बाई. पण वेढा पडलेला असताना कोळसा चोरणारा सोडला, तर उद्या ही उपाशी माणसं मला आवरायची नाहीत. तुम्हाला काही दाखवायचं असेल तर मावळायच्या आत दाखवा."

अवजारांच्या खोलीला एकच झरोका होता. धाकटा त्याला नाक लावून उभा होता.

"ताई, झडप मी उघडीच ठेवली होती. शपथ घेऊन सांगतो."

"आणि कोळसा?"

त्याने मान खाली घातली. "रोज दोन घमेली. आपल्या गल्लीत तान्ही पोरं आहेत. थोरल्यांनीच सांगितलं, ने म्हणून. पण आता ते सांगायला आहे कोण?"

आईबाप गेले तेव्हा हा पोरगा दोन वर्षांचा होता आणि चित्रकारीण चौदाची. त्याला घास भरवता भरवताच ती मोठी झाली होती. तिने झरोक्यातून हात घालून त्याचा गाल चाचपला.

३

डोकं चालेनासं झालं की ती चित्र काढायला बसायची. म्हाताऱ्याला तोवर उचलून नेलं होतं. ती काचघरात परत आली आणि काल अर्धवट राहिलेला कागद मांडीवर घेतला.

चित्र नेच्याचं होतं. नेच्याला फूल नाही, फळ नाही, नुसती हिरवी पिसं. कागदावरचं तिसरं पीस डावीकडे वाकलेलं होतं. समोरच्या कुंडीतलं उजवीकडे.

ती बराच वेळ बघत राहिली. झाड रात्रीतून पाठ फिरवत नाही. कुणीतरी कुंडी उचलली होती आणि उलट्या तोंडाने परत ठेवली होती.

मग ती उठली आणि माळ्याच्या नजरेने भोवती पाहू लागली. धुराने सगळ्यात आधी मरतो तो नेचा, एका रात्रीत काळा पडतो. खालच्या ओळीतले साधे नेचे पडलेही होते. पण वरच्या फळीवरचे अकरा, दूरदेशाहून आणलेले, बागेचा मान असलेले, ते हिरवेगार होते. रात्रभर याच धुरात असते तर त्यांचं एक पान जिवंत राहिलं नसतं.

तिने एक कुंडी उचलली. खाली संत्र्याची दोन पानं चिरडून चिकटली होती. दुसरी उचलली, तिच्याही खाली. तिसरीच्या खाली तर सहा. पानं गळली ती रात्री, धुराने. म्हणजे कुंड्या फळीवर आल्या त्या पानं गळल्यानंतर.

कुणीतरी झडप लावायच्या आधी अकरा कुंड्या बाहेर नेल्या आणि म्हातारा मेल्यावर परत आणून ठेवल्या. माणूस मारायला निघालेल्याला झाडं मारवली नव्हती.

ती धावतच कप्तानाकडे गेली. तोही आला, गुडघ्यांवर बसून त्याने पानं पाहिली आणि मान डोलावली. मग एक कुंडी उलटी करून तिच्या बुडावरून बोट फिरवलं. बोटाला राख लागली.

"बरोबर बोललात तुम्ही," तो म्हणाला. "कुंड्या बाहेर नेल्या होत्या, आणि राखेत ठेवल्या होत्या. बागेत राखेचा ढीग कुठे असतो, बाई?"

ढीग होता तो भट्टीघरात. भावाच्या गळ्यातला फास तिने स्वतःच्या हाताने आवळला होता.

४

कप्तान गेल्यावर तिने ती राख बोटाने कागदावर घासली. अठरा वर्षं करडे रंग कालवलेली बाई ती. कोळशाची राख खरखरीत असते, तांबूस झाक मारते, त्यात खडे असतात. ही मऊ होती, पिठासारखी, आणि जवळजवळ पांढरी. लाकडाची राख, तीही चाळलेली.

एक नाव तिच्या मनात आलं. तिने ते बाजूला सारलं आणि आधी दुसरीकडे गेली. आपल्या माणसाच्या दारात संशय घेऊन जायचा असेल, तर पाय लांबचा रस्ता धरतात.

कलमवाला आपल्या छपरात चाकूला धार लावत बसला होता. कलम बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्यांच्या जागेवर त्याचा दहा वर्षं डोळा होता.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आता बाग मलाच बघावी लागणार. कप्तानाला सांगून आलोय."

"लगेच?"

"उशीर केला तर दुसरा कुणी सांगेल ना. तू माझ्याकडे संशयाने बघू नकोस हं. म्हातारा मरायची वाट दहा वर्षं बघितली, आणखी दोन बघितली असती."

त्याच्या मागची खिडकी फुटलेली होती. कोपऱ्यातल्या बादलीतल्या पाण्यावर दोन बोटं बर्फ जमला होता. विस्तव कुठेच नव्हता. अकरा नाजूक नेचे इथे तासभरसुद्धा टिकले नसते. ती बाहेर पडली.

डोंगरांतून रोपं शोधून आणणाऱ्याला सगळे भटक्या म्हणत. तो काचघराच्या पायरीवर बसून रडत होता. हुंदके देत, नाक पुसत. त्याच्या मांडीवर एक कुंडी होती आणि कुंडीत काळा पडलेला नेचा.

"दादा, थोरल्यांसाठी रडताय?"

"त्यांच्यासाठी रडेन उद्या," तो म्हणाला. "आज याच्यासाठी रडतोय. दोन वर्षं चालून आणला हा. बरोबरचे तिघे तिकडेच राहिले. ही जात आता जगात कुठे आहे की नाही, कुणास ठाऊक."

"पाटीवर तर ओढ्याकाठचा साधा नेचा लिहिलंय."

"मीच लिहिलंय, खोटं. थोरले हात सैल सोडायचे, मागेल त्याला तुकडा काढून द्यायचे. हा मला कुणाला द्यायचा नव्हता. त्यांनासुद्धा सांगितलं नाही. ढिगाने उगवतो त्याचं नाव लावलं आणि खालच्या ओळीत ठेवला." त्याने डोळे पुसले. "लपवला म्हणून गेला."

"मला माहीत होतं. चित्र काढताना पान उलटून बघावं लागतं."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

ती त्याच्या शेजारी बसली. कुंड्या बाहेर काढणाऱ्याने पाट्या वाचून काढल्या होत्या. मोलाच्या अकरा वाचवल्या आणि सगळ्यात मोलाची साधी समजून धुरात सोडली. भटक्याने हे केलं असतं तर ही कुंडी त्याने सगळ्यात आधी उचलली असती. म्हणजे हा माणूस सुटला.

मघाशी बाजूला सारलेलं नाव आता तिच्यापुढे येऊन उभं राहिलं.

५

बियाण्याची खोली बागेच्या टोकाला होती आणि तिला लागूनच मावशीचं घर. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण सगळ्या बागेची होती. चाळीस वर्षं ती बियाणं सांभाळत आली होती. गहू, वाटाणा, काळा घेवडा, भोपळा, सगळं चाळलेल्या लाकडाच्या राखेत घोळवून, मडक्यांत आणि गोण्यांत. आईबाप गेल्यावर चित्रकारणीच्या घरात चूल पेटली ती हिच्यामुळे.

वेढा पडल्यावर शिपाई गोण्या उचलायला आले, तेव्हा मावशीनेच त्यांना दारात अडवलं होतं. बियाण्याला कीड लागू नये म्हणून विष लावलेलं आहे, खाल तर मराल. कप्तानाने दाराला कुलूप लावून किल्ली तिच्याकडेच ठेवली. सगळ्या शहराचा त्यावर विश्वास बसला, चित्रकारणीचाही.

मावशी आज दार उघडं टाकून उंदराचा पिंजरा बादलीत बुडवत होती. उंदीर गुटगुटीत होता. शहरात मांजरं हाडांचा सापळा झाली होती, आणि या उंदराचं पोट जमिनीला टेकत होतं.

चित्रकारीण बादलीकडे बघत उभी राहिली.

"मावशी, विष खाऊन उंदीर असा सुटतो?"

मावशीने पिंजरा पाण्यात तसाच धरून ठेवला. बुडबुडे थांबल्यावर बाहेर काढला.

"बस," ती म्हणाली.

चुलीपुढे, राखेने भरलेल्या रुंद परातींत, गोल गोल ठसे होते. अकरा.

"थोरल्याने परवा गल्लीतली एक पोर मेलेली पाहिली," मावशी म्हणाली. "तेव्हापासून त्याचं एकच. सांगून टाकू, वाटून टाकू. मी म्हटलं, अरे, किती दिवस पुरेल? पंधरा. आणि मग? पेरायचं काय, माती? वेढा आज ना उद्या उठेल. वसंतात मूठभर बी नसेल तर आज वाचलेली पोरंही पुढच्या वर्षी मरतील. तो म्हणाला, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आणि कप्तानाला निरोप धाडला."

"आणि नेचे?"

"त्यालाच म्हटलं, आज कोळसा पुरायचा नाही, मोलाचे तेवढे माझ्या चुलीपाशी नेते. त्याने स्वतः दार उघडून धरलं." तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "माझ्या हातगाडीवर एक कुंडी त्याने आपल्या हाताने ठेवली, पोरी. म्हणाला, जपून ने."

"मावशी, धाकट्याला मावळतीला मारणार आहेत."

"म्हातारा माणूस, जुनी भट्टी, लोक म्हणतील अपघात झाला, असं वाटलं होतं मला. सकाळपासून इथे बसलेय. मावळतीपर्यंत वेळ होता. विचार करत होते."

"कसला विचार?"

मावशीची नजर बियाण्याच्या खोलीच्या दाराकडे गेली. चित्रकारणीला ते कळलं. या बाईच्या हातचं जेवून ती आणि धाकटा वाढले होते. ही बाई सकाळपासून एका पारड्यात धाकट्याला आणि दुसऱ्यात गोण्या टाकून बसली होती, आणि तिचं अजून ठरलं नव्हतं.

अखेर मावशी उठली, पदराला हात पुसले. "चल. सांगते मी केलं म्हणून. काही जुनं भांडण होतं म्हणेन. पण गोण्यांचं तू बोलायचं नाहीस. एवढं दे मला."

चित्रकारणीने मान डोलावली. त्या क्षणी तिला ते शक्य वाटलं होतं.

६

कप्तानाने सगळं ऐकून घेतलं. पानं, पांढरी राख, परातींतले ठसे, खोटी पाटी. मग मावशीची कबुली. बाहेर उन्हं उतरायला लागली होती.

"या पोराला कुणी वाढवलं?" त्याने विचारलं.

मावशीने पदर सारखा केला.

"मी चौकशी केलीय. तुम्ही वाढवलंत." तो मावशीकडे वळला. "पोरासाठी आई काय वाटेल ते कबूल करते. ठसे काय, आत्ता अर्ध्या तासात उमटवता येतात. जुनं भांडण म्हणता. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर काम केलंत त्याला नेमकं कालच मारावंसं का वाटलं? मला कारण द्या. नाहीतर दोघी घरी जा."

मावशीने चित्रकारणीकडे पाहिलं. तिने हात जोडले नाहीत, डोळेही भरले नव्हते. पिंजरा पाण्यात धरला होता तेव्हाचाच चेहरा.

अंगणातून शिपायांच्या बुटांचा आवाज आला. कुलूप काढल्याचा आवाज आला. चित्रकारणीला धाकट्याचा खोकला ऐकू आला, लहानपणापासूनचा तोच, कोरडा.

"बियाण्याला विष लावलेलं नाही," ती म्हणाली. "थोरले तुम्हाला हेच सांगणार होते."

"हे खोटं निघालं तर शहर मरेल," कप्तान म्हणाला. "कशावरून?"

ती मावशीच्या कमरेची किल्ली मागायला वळली. मावशीने ती आपणहून काढून दिली.

पहिल्याच गोणीत तिने हात घातला. गहू होता. राख फुंकली, मूठ तोंडात टाकली आणि कप्तानापुढे उभी राहून चावू लागली. दाणे कडक होते, दाढा दुखल्या. मग त्यांचं दूध सुटलं आणि तोंडात गोडवा पसरला. चार दिवसांत तिच्या पोटात उकळलेल्या सालींच्या पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. तिला तो घास फार आवडला, आणि त्याची तिला लाज वाटली. तिने दुसरी मूठ घेतली.

कप्तानाने खुर्ची मागवली आणि तिच्या समोर बसला. धाकट्याला भिंतीपाशी आणून उभं केलं होतं, हात बांधून. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो बहिणीकडे बघत होता आणि ती चावत होती. सगळे तिच्या पोटात कळ येण्याची वाट बघत होते. भिंतीची सावली अंगण ओलांडून पायरीपर्यंत आली.

"पुरे," कप्तान म्हणाला. "सोडा त्याला."

धाकट्याचे हात सुटले. तो तिथेच खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. चित्रकारीण त्याच्याजवळ गेली, त्याचं डोकं छातीशी धरलं. तिला आनंद झाला होता, खराखुरा, आणि तो कुणापासून लपवावा हे तिला कळत नव्हतं.

बातमी भिंतीपलीकडे कशी गेली कुणास ठाऊक, पण गोण्या अंगणात येईपर्यंत फाटकाशी माणसं जमली होती, हातात वाडगे, मडकी, टोप्या, जे मिळेल ते. कलमवाला सगळ्यांत पुढे होऊन रांग लावत होता. भटक्याने पाठीवर गोणी घेतली, ती उतरवली आणि दुसरी आणायला गेला. काळ्या घेवड्याची गोणी फाटली. पोरं दगडांच्या फटींतून एकेक दाणा उचलून खिशात घालू लागली.

दोन शिपाई मावशीला घेऊन त्या गर्दीतून भिंतीकडे निघाले. तिने गोण्यांकडे पाहिलं नाही. चित्रकारणीजवळ आल्यावर ती थांबली, आणि शिपाईही थांबले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"घेवडा असाच उकळू नका," ती म्हणाली. "आधी भिजत घाला, चांगला आठ-दहा तास, आणि ते पाणी फेकून द्या. नाहीतर पोरांची पोटं दुखतील."

चित्रकारणीने मान हलवली आणि मोठं भांडं शोधायला आत गेली.